युद्धाच्या शेजाऱ्यांची यादी कोण करणार?

प्रति,
श्री. अजय बंगा,
अध्यक्ष, जागतिक बँक समूह,
वॉशिंग्टन

महोदय,

युद्ध दोन देशांत होते, पण त्याचा भुर्दंड त्या दोघांपुरता राहत नाही. सीमेवर माणसांचे लोंढे येतात, तेल महागते, बंदरातली ये-जा थांबते, परदेशी राबणाऱ्यांचे घरी येणारे पैसे बंद होतात, आणि ज्या देशाने एकही गोळी झाडलेली नाही त्याच्या तिजोरीला भगदाड पडते. अशा देशांना जगाने हात द्यावा, हे तत्त्व म्हणून कोणी नाकारत नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नावर: कोणाचे नुकसान झाले, किती झाले आणि आधी कोणाला द्यायचे, हे ठरवायचे कोणी? हे पत्र त्या एकाच प्रश्नाबद्दल आहे, आणि ते आपल्याला लिहिण्याचे कारण आपल्या बँकेच्या घटनेतच सापडते. त्या घटनेच्या चौथ्या कलमातला दहावा विभाग सांगतो की सभासद देशाच्या राजकीय स्वरूपाचा बँकेच्या निर्णयांवर परिणाम होता कामा नये आणि निर्णय घेताना केवळ आर्थिक बाबी विचारात घ्याव्यात. युद्धाची झळ बसलेल्या देशांची यादी करताना हा नियम आजवर पाळला गेलेला नाही. देश निवडले गेले ते त्यांच्या उपयोगावरून. नुकसानीचा आकडा मागाहून जोडला गेला. ही निवड नुकसानीवरून करता येते, त्यासाठी लागणारी बहुतेक साधने बँकेकडे आहेत, आणि ते काम आपण हाती घ्यावे, अशी ही जाहीर मागणी आहे.

१९९० सालचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे, कारण त्या वर्षी जगाने हे काम खरोखरच संघटितपणे करून पाहिले. २ ऑगस्टला इराकने कुवेत बळकावले, ६ ऑगस्टला सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून इराकवर व्यापारी निर्बंध लादले, आणि सप्टेंबर संपण्याआधी मदतीचे यंत्र उभे राहिले. २५ सप्टेंबर १९९० रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या वार्षिक सभेत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आखाती संकटासाठी वित्तीय समन्वय गट स्थापन होत असल्याचे जाहीर केले. गटाची सूत्रे अमेरिकेच्या अर्थखात्याकडे होती. त्या खात्याचे डेव्हिड मलफर्ड, जे पुढे भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आले, बैठका चालवत. अमेरिका सोडली तर पैसा मुख्यतः आखाती राजवटींनी, जपानने आणि युरोपीय देशांनी द्यायचा होता, आणि आकडेमोड नाणेनिधीने व आपल्या बँकेने करून द्यायची होती. गटाने तीन देश निवडले: इजिप्त, तुर्कस्तान आणि जॉर्डन. यंत्र म्हणून ही रचना चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. कोण किती देणार आहे हे देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष पोचलेली रक्कम यांची वेगवेगळी नोंद होत होती, आणि एरवी वर्षभर चालणाऱ्या वाटाघाटी आठवड्यांत उरकल्या. ती तीन नावे कोणत्या तक्त्यावरून आली, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमारास दुसरी एक यादी तयार होत होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५०वे कलम असे आहे की सुरक्षा परिषदेने लादलेल्या उपायांमुळे एखाद्या देशापुढे विशेष आर्थिक अडचणी उभ्या राहिल्या तर त्या सोडवण्याबाबत परिषदेशी विचारविनिमय करण्याचा हक्क त्याला आहे. बुश यांच्या घोषणेच्या आदल्याच दिवशी, २४ सप्टेंबरला, ठराव ६६९ करून परिषदेने असे अर्ज तपासण्याचे काम निर्बंध समितीकडे सोपवले. एकवीस देशांनी अर्ज केले. त्यांत भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स, व्हिएतनाम होते. येमेन, सुदान, जॉर्डन, लेबनॉन, ट्युनिशिया होते. पोलंड, रुमानिया, बल्गेरियासारखे पूर्व युरोपातले देश होते, ज्यांची इराककडे येणी अडकली होती. या एकवीस नावांत इजिप्त आणि तुर्कस्तान नव्हते. त्यांना त्या दारावर थाप मारावीच लागली नाही. त्यांची गरज खोटी होती असे मुळीच नाही: तुर्कस्तानने किर्कुकहून येणारी तेलवाहिनी बंद केली आणि तिचे वाहतूक शुल्क गमावले, इजिप्तचे लाखो कामगार इराक-कुवेतमधून रिकाम्या हाताने परतले. परंतु दोन्ही याद्यांत असलेला देश एकच, जॉर्डन. उरलेल्या वीस देशांच्या वाट्याला विचारविनिमयाचा हक्क आला. समितीने सर्व देशांना आणि वित्तसंस्थांना आवाहन केले की या देशांना साह्य करावे. आवाहनामागे निधी नव्हता, मुदत नव्हती, आणि ते न पाळणाऱ्याला कोणी जाब विचारणार नव्हते.

इजिप्तला काय मिळाले ते पाहिले की निकष आपोआप दिसतो. अमेरिकेने सुमारे ७ अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज माफ केले, आखाती देशांनी जवळपास तेवढेच सोडून दिले, आणि मे १९९१ मध्ये कर्ज देणाऱ्या सरकारांच्या पॅरिस क्लबने इजिप्तचे सरकारी कर्ज टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणण्याचे मान्य केले. इजिप्तचे सैन्य इराकविरुद्धच्या अमेरिकाप्रणीत आघाडीत उभे होते. जॉर्डनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. इराक ही त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ होती आणि अकाबा बंदराची बरीच उलाढाल इराकच्या मालावर चाले. ती निर्बंधांनी थांबली. कुवेतमधून पळालेल्या लाखो परदेशी कामगारांना त्याने वाट आणि छप्पर दिले, शिवाय आखातातून कायमचे परतलेले सुमारे तीन लाख लोक सामावून घेतले. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर इतके मोठे ओझे क्वचितच कोणावर पडले असेल. पण जॉर्डनचे राजे हुसेन आघाडीत सामील झाले नाहीत. यादीत नाव असूनही आखाती देशांचा हात जॉर्डनसाठी आखडला, आणि मार्च १९९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याची मदत रोखण्याचे पाऊल उचलले. येमेनच्या वाट्याला तर शिक्षाच आली. सौदी अरेबियाने सप्टेंबर १९९० मध्ये येमेनी कामगारांच्या खास सवलती काढून घेतल्या आणि सात-आठ लाख माणसे काही आठवड्यांत मायदेशी ढकलली गेली. २९ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेत, इराकविरुद्ध बळ वापरायला मुभा देणाऱ्या ठराव ६७८ वर क्युबासोबत येमेनने विरोधी मत दिल्यावर अमेरिकेने मदतही कापली. एकाच घटनेची झळ बसलेल्या तीन देशांना मिळालेली वागणूक ही अशी. यात नुकसानीचे मोजमाप कुठे आहे?

भारताचा हिशेब इथे मांडतो, कारण तो मराठी वाचकांना जवळचा आहे आणि त्यातली गुंतागुंतही शिकण्यासारखी आहे. कुवेत आणि इराकमध्ये अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणावे लागले. त्यांतल्या बहुतेकांना अम्मानहून मुंबईला आणणारी ती विमानसेवा दोन महिने चालली. गोवा, कोकण आणि केरळमधल्या कित्येक घरांचा दरमहा येणारा पैसा एका रात्रीत थांबला. कच्च्या तेलाचा दर जुलै ते ऑक्टोबर या काळात दुपटीहून अधिक चढला आणि १९९०-९१ या वर्षात भारताचे तेलाचे देयक सुमारे २ अब्ज डॉलरनी वाढून ५.७ अब्जांवर गेले. अनिवासी भारतीयांच्या ठेवी निघू लागल्या. जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर घेतले. ते कर्ज होते, आणि पुरले नाही. मे महिन्यात २० टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडमधल्या बँकेला विकले गेले. जूनमध्ये गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने मुंबईहून लंडनला पाठवले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. तेलाच्या देयकात झालेल्या वाढीच्या पाचव्या भागाइतकीच ही रक्कम. भारत कोणाच्याच आघाडीवर नव्हता, म्हणून समन्वय गटाच्या तक्त्यात त्याच्यासाठी ओळ नव्हती.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की भारताचे संकट युद्धाने आणलेले नव्हतेच. ऐंशीच्या दशकातल्या वाढत्या तुटी, अल्पमुदतीची परकीय कर्जे, लागोपाठ पडलेली सरकारे यांनी ते आधीच शिजत आणले होते. आक्षेप खरा आहे, आणि तो केवळ भारताला लागू नाही. जॉर्डनने १९८९ मध्येच देणी थकवली होती, इजिप्त कर्जात बुडालेला होता. मदत मागणारा देश बहुधा आधीच दुबळा असतो. सुदृढ तिजोरी असा धक्का स्वतःच पचवते. पण यावरून निघणारा निष्कर्ष मोजमाप अशक्य आहे असा नसून मोजमाप नीट केले पाहिजे असा आहे. युद्धाआधीच्या दराने तेलाचे देयक किती झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, हा फरक काढायला आयातीची कागदपत्रे पुरतात. किती माणसे परतली, त्यांच्याकडून आदल्या वर्षी किती पैसा येत होता, विमानांवर किती खर्च झाला, हेही वेगळे काढता येते. देशाच्या जुन्या गैरकारभाराचा भाग बाजूला ठेवून फक्त युद्धाने टाकलेली भर मोजायची. १९९० च्या अखेरीस नाणेनिधीने आपल्या भरपाई-कर्जाच्या सोयीत तेलाच्या वाढीव देयकाचा घटक तात्पुरता घातला, तेव्हा नेमके हेच केले होते. भारताला त्या जानेवारीत मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्याच सोयीतला होता. म्हणजे नियमाने मोजता येते हे त्या संकटाच्या ऐन भरातच सिद्ध झाले होते. फरक एवढाच की नियमाने मोजलेल्यांना कर्ज मिळाले आणि मित्र म्हणून निवडलेल्यांना माफी मिळाली.

मोजमापाचा याहून मोठा पुरावा आखाती युद्धानंतर आला. सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ नुसार स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई मंजूर केली आणि सुमारे १५ लाख दावेदारांपर्यंत पोचवून २०२२ मध्ये काम संपवले. दावे लाखोंच्या संख्येने आले, तरी आयोगाने ते तुंबू दिले नाहीत, कारण त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली: ज्यांना कुवेत किंवा इराक सोडून पळावे लागले अशा सामान्य माणसांचे दावे आधी घेतले आणि त्यांच्यासाठी ठोक रकमा ठरवल्या, एकट्याला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार. प्रत्येकाच्या कपाटातले काय गेले याची चौकशी केली नाही. तो तिथे होता आणि त्याला निघावे लागले, एवढे सिद्ध झाले की पुरे. भारतीय कामगारांनाही या मार्गाने पैसे मिळाले. दोष दोन होते. इराकचे तेल १९९६ च्या अखेरीपर्यंत विकलेच जात नव्हते, त्यामुळे बहुतेकांना रक्कम मिळाली तेव्हा त्यांच्या गरजेची वर्षे उलटून गेली होती. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: निर्बंधांमुळे झालेले नुकसान आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. सनदेच्या ५०व्या कलमाने निर्बंधांच्या नुकसानीसाठी फक्त चर्चा देऊ केली आणि भरपाई आयोगाने तेच नुकसान अपात्र ठरवले. एकवीस देश या दोन दारांच्या मधल्या फटीत पडले, आणि ती फट आजही बुजलेली नाही.

ती बुजलेली नाही हे दाखवायला गेल्या काही वर्षांकडे पाहणे पुरे आहे. गाझातल्या युद्धानंतर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मधल्या १०.२५ अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे ४ अब्जांवर आले. इजिप्तचे हे नुकसान निःसंशय आहे, आणि त्याच्याकडे जग धावून गेले हे बरेच झाले: फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी ३५ अब्ज डॉलरचा करार, मार्चमध्ये नाणेनिधीच्या कार्यक्रमात ३ अब्जांवरून ८ अब्जांपर्यंत वाढ, त्याच महिन्यात युरोपीय संघाकडून ७.४ अब्ज युरो, आणि आपल्या बँकेचीही अब्जावधींची घोषणा. आता त्याच फेब्रुवारीतली दुसरी घटना घ्या. सुदानमधल्या युद्धक्षेत्रातून जाणारी, दक्षिण सुदानचे बहुतांश तेल पोर्ट सुदानला नेणारी वाहिनी फुटली. दक्षिण सुदानच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग तेलातून येतो. वाहिनी वर्षभर बंद राहिली, सरकारी नोकरांचे पगार महिनोन् महिने थकले, आणि त्याच वेळी सुदानमधून पळालेली लाखो माणसे त्या देशात येत होती. सरकारी उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर हा धक्का सुएझच्या धक्क्याहून कितीतरी जबर होता. त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये कोणता समन्वय गट बसला? पश्चिमेला चाडची सीमा पाहा. एप्रिल २०२३ पासून सात लाखांहून अधिक सुदानी माणसे तिथे आली आहेत, त्यांतली बहुतेक आद्रेसारख्या सीमेवरच्या गावांतून. जगातल्या सर्वांत गरीब देशांत गणना होणाऱ्या चाडमध्ये दार्फुरमधून आधीच आलेले चार लाख निर्वासित होते. युक्रेन युद्धात शेजारच्या मोल्दोव्हासाठी अवघ्या सहा आठवड्यांत बर्लिनमध्ये देणगीदारांचे व्यासपीठ उभे राहिले, युक्रेनसाठी जी-७ देशांनी स्वतंत्र समन्वय मंच बांधला. चाडसाठी मदतसंस्थांची आवाहने निघतात, आणि ती अर्धीमुर्धी भरतात.

बँकेने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीरियातल्या युद्धाने जॉर्डन आणि लेबनॉनवर पडलेल्या ओझ्यासाठी २०१६ मध्ये बँक, संयुक्त राष्ट्रे आणि इस्लामी विकास बँक यांनी मिळून सवलतीच्या वित्ताची जागतिक सोय काढली. मध्यम उत्पन्नाच्या देशाला निर्वासितांसाठी कर्ज घ्यावे लागले तर देणगीदारांच्या पैशातून त्याचे व्याज खाली आणायचे, ही कल्पना चांगली होती, आणि पुढे ती कोलंबिया, इक्वेडोर, मोल्दोव्हापर्यंत गेली. गरीब देशांसाठी बँकेच्याच आंतरराष्ट्रीय विकास संघटनेत निर्वासित आणि यजमान वस्त्यांचा वेगळा विभाग आहे. चाडला त्यातून अनुदाने मिळतात. नाणेनिधीने २०२२ मध्ये अन्नधान्याच्या महागाईसाठी तात्पुरती खिडकी उघडली, ती दीड वर्षात बंद झाली. पण या सगळ्या सोयी एकेका लक्षणासाठी आहेत. माणसे सीमा ओलांडून आली तर खिडकी सापडते. तेलवाहिनी तुटली, कालवा ओस पडला, कामगार परतले, बाजारपेठ निर्बंधाखाली गेली, तर नेहमीच्या रांगेत उभे राहून नेहमीच्या अटींवर नेहमीचे कर्ज मागायचे. शिवाय प्रत्येक खिडकीवरचा माणूस वेगळा, अर्ज वेगळा, मोजमाप वेगळे. एखाद्या प्रादेशिक युद्धाने कोणत्या शेजाऱ्याचे एकूण किती गेले, याचा एक तक्ता जगात कुठेही मिळत नाही. तो नसल्यामुळे, ज्याचा आवाज राजधान्यांत पोचतो त्याचेच नुकसान तेवढे दिसते.

आपल्या कारकिर्दीतला एक निर्णय इथे मला फार महत्त्वाचा वाटतो. जून २०२३ मध्ये, पदभार घेऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, पॅरिसच्या परिषदेत आपण जाहीर केले की छोट्या देशांच्या कर्जकरारांत नैसर्गिक आपत्तीचे कलम घातले जाईल: चक्रीवादळ किंवा भूकंप ठरलेल्या तीव्रतेच्या पलीकडे गेला की परतफेड थांबते, वाटाघाट करावी लागत नाही. त्या कलमाची ताकद त्याच्या आंधळेपणात आहे. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र त्या देशाचे परराष्ट्र धोरण विचारत नाही. हेच तत्त्व शेजारच्या युद्धाला लावा. चार मोजमापे आधीच ठरवून ठेवता येतील: आयातीच्या देयकातली वाढ, परदेशातून घरी येणाऱ्या पैशातली घट, वाहतूक आणि निर्यात उत्पन्नातली घट, आणि सीमा ओलांडून आलेल्या माणसांची संख्या. देशाच्या उत्पन्नाच्या मानाने यांची बेरीज ठरावीक मर्यादा ओलांडेल तेव्हा तीन गोष्टी आपोआप व्हाव्यात. बँकेच्या कर्जाचे हप्ते वर्षभर थांबावेत. एक ठोक पहिली रक्कम, गरीब देशाला अनुदान म्हणून, वाटाघाटीशिवाय मिळावी, भरपाई आयोगाने कुटुंबांना दिली तशी. आणि त्या युद्धाच्या सर्व शेजाऱ्यांचा नुकसानीचा तक्ता साठ दिवसांत प्रसिद्ध व्हावा, कोणाला मदत मिळणार हे ठरण्याच्या आधी. पुढची मोठी मदत अटींवर, कार्यक्रमावर, विश्वासावर अवलंबून राहील, आणि राहावी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: पैसा देणगीदारांच्या करदात्यांचा आहे, तो कुठे जावा हे त्यांची लोकनियुक्त सभागृहे ठरवणार, आणि मित्राला आधी देण्यात गैर काय? द्विपक्षीय मदतीबद्दल हे मी पूर्ण मान्य करतो. अमेरिकेने इजिप्तला दिलेले आपले कर्ज माफ करणे हा अमेरिकेचा प्रश्न होता. पण १९९० मध्ये नाणेनिधी आणि बँक यांनी त्या गटाला आपले आकडे आणि आपली प्रतिष्ठा पुरवली, तेव्हा मित्रांच्या यादीला गरजूंच्या यादीचे रूप मिळाले. याची किंमत मदत घेणाऱ्यालाही मोजावी लागते. जानेवारी १९९१ मध्ये भारताला नाणेनिधीचे कर्ज मिळाले आणि त्याच महिन्यात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई, मद्रास, आग्रा इथे इंधन भरू दिले. हे उघड झाल्यावर देशात गदारोळ उठला, ती सोय मागे घ्यावी लागली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडणाऱ्यांना गप्प करायला सरकारकडे काहीच नव्हते. जाहीर सूत्राने ठरलेली रक्कम असती तर कर्ज देणारा आणि घेणारा दोघेही त्या संशयातून सुटले असते. देणगीदारांनी त्यांना हवे त्याला वाटेल तितके द्यावे. बँकेने मात्र स्वतःच्या तक्त्यात सर्वांची नावे लिहावीत, आणि कोणी कोणाला किती दिले हे त्याच तक्त्यात दाखवावे. मग एखाद्या सभागृहाने चाडला वगळले तर ते आकड्याकडे पाहत वगळेल.

दुसरा आक्षेप दक्षिण सुदानसारख्या देशांबद्दल घेतला जातो: तिथल्या तेलाचा पैसा चांगल्या काळातही जनतेपर्यंत पोचला नाही, मग सरकारच्या हाती ठोक रक्कम कशी द्यायची? शंका रास्त आहे. पण सरकार भरवशाचे नसेल तर पैसा कोणत्या मार्गाने द्यायचा हे बदलते, नुकसान किती झाले हे बदलत नाही. अफगाणिस्तानात, येमेनमध्ये बँकेने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत दवाखाने, पोषण, रोजगाराची कामे चालवली आहेत. सरकारला वगळून माणसांपर्यंत जाण्याचा मार्ग आपल्याच लोकांनी घडवलेला आहे. आणखी एक खिडकी कशाला, असेही विचारले जाईल. मलाही नवी खिडकी नको आहे. आहेत त्या सोयींना एकच मोजमाप आणि एकच तक्ता असावा, म्हणजे मंत्रालयात पाच-सहा हुशार माणसे असलेल्या छोट्या देशाला पाच ठिकाणी पाच प्रकारे आपले दुःख सिद्ध करत बसावे लागणार नाही. पैसा कुठून येणार, हा प्रश्न राहतोच. आखाती युद्धाचा लष्करी खर्च अमेरिकेच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ६१ अब्ज डॉलर होता. त्यातले सुमारे ५४ अब्ज इतर देशांनी कबूल केले आणि जवळजवळ सगळे भरले. वाटणी सौदी अरेबिया, कुवेत, जर्मनी, जपान यांच्यात आकड्यांनी झाली, वसुलीचे अहवाल नियमाने निघाले. तोफांचा खर्च इतक्या काटेकोरपणे वाटून घेता येत असेल तर शेजाऱ्यांचा वाटून घेता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. भारतानेही यात आपला वाटा उचलावा, असे माझे मत आहे. २०२२ मध्ये श्रीलंकेच्या अडचणीत भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साह्य उभे केले. ४७ टन सोने गहाण टाकणारा देश आज देणाऱ्यांच्या बाकावर बसू शकतो, आणि १९९० मध्ये आपण एकवीस अर्जदारांपैकी एक होतो याची आठवण ठेवून त्याने जाहीर सूत्राचा आग्रह धरावा.

सुरुवातीला आपल्याला ठरावाची, नव्या निधीची किंवा भागधारकांच्या मतदानाची गरज नाही. वॉशिंग्टनमधल्या पुढच्या वसंत सभेआधी सुदानच्या युद्धाच्या सातही शेजाऱ्यांचा एक तक्ता बँकेने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करावा: इजिप्त, लिबिया, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, दक्षिण सुदान, इथिओपिया, इरिट्रिया. क्रम देशाच्या उत्पन्नाच्या मानाने झालेल्या नुकसानीचा असावा. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने ठेवावेत: झालेले नुकसान, कबूल झालेली रक्कम, हाती पडलेली रक्कम. आणि दर तीन महिन्यांनी तो नव्याने काढावा.

कळावे.